पाणी न लागणारी भिंत

फोन आला तेव्हा मी बिद्रीजवळ एका गोडाऊनच्या छपरावर होते. कसबा बावड्यात मी ज्यांचं घर बांधत होते त्या सुजाताताई बोलत होत्या. "मॅडम, भिंतींना खालच्या बाजूनं काळे डाग आलेत. बोर्ड पण फुगल्यासारखा दिसतोय."

मार्च संपत आला होता. पावसाचा थेंब नाही, आभाळात ढग नाही. मी विचारलं, कुठं पाइप फुटलाय का? त्या म्हणाल्या, अजून पाण्याचं कनेक्शनच घेतलेलं नाही. खाली उतरले, गाडी काढली आणि कसबा बावड्याचा रस्ता धरला. वाटेत मनातल्या मनात पॅनेलच्या कंपनीला शिव्या घालत होते. इंजिनिअरचं असंच असतं. चूक झाली की आधी माल आठवतो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी पॅनेल म्हणजे काय ते सांगते. लाकडाच्या चिपा डिंकात दाबून केलेले दोन बोर्ड, आणि त्यांच्या मधे पाचेक इंच थर्माकोल. तिन्ही एकमेकांना कायमचे चिकटवलेले. सँडविच म्हणा हवं तर. दारं-खिडक्यांची भोकं कारखान्यातच कापून येतात. साइटवर आणायचं, जोत्यावर बसवलेल्या लाकडी पट्टीवर उभं करायचं, जोड सील करायचे. चार दिवसांत घराच्या भिंती उभ्या. वर एक पाणी अडवणारा कागद गुंडाळायचा आणि त्यावर बाहेरची शीट ठोकायची.

त्या वर्षी मी या पॅनेलची वकीलच झाले होते. शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात कोणी घर बांधायचं म्हणून आलं की मी सुरू व्हायचे. विटेसाठी शेतातली वरची सुपीक माती जाते. भट्टीचा धूर सगळं गाव खातं. नदीतली वाळू जाते. भिंत उभी राहिली की तिला पंधरा दिवस पाणी पाजायचं. पॅनेलला यातलं काही लागत नाही. घर हलकं, म्हणून पाया लहान. आतला थर्माकोल ऊन आत येऊ देत नाही, म्हणून एसीची गरज नाही. हे सगळं खरं आहे. आजही खरं आहे.

दुसरी बाजूही मी सांगायचे, पण जरा भरभर. थर्माकोल तेलापासून होतो आणि कधीच कुजत नाही. पॅनेल लांबून ट्रकनं येतं. पुराच्या पाण्यात ते टिकणार नाही. सुजाताताईंचा प्लॉट पूररेषेच्या बराच वर होता, नाहीतर मी हो म्हटलंच नसतं. आणि घर इतकं हवाबंद होतं की हवा खेळायची वेगळी सोय करावी लागते. घर जेवढं बंद, तेवढं गार. पण मग आत जे असेल ते आतच राहतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

सुजाताताई विज्ञानाच्या शिक्षिका. पन्नाशीला आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांना सगळा बावडा 'आबा' म्हणायचा. आबा गवंडी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. बावड्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या भिंती त्यांनी रचलेल्या. स्वतःचं घर मातीचं होतं, ते पुरात गेलं. तेव्हापासून बापलेक पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होते.

आबांच्या छातीत सिमेंटची धूळ बसली होती. चार पावलं चालले की थांबायचे. डॉक्टरांनी सुजाताताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा बघतील असं धरून चालू नका. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणाल्या, "पर्यावरण वगैरे मला पटलेलंच आहे, मॅडम. पण खरं कारण वेगळं आहे. विटेचं घर वर्षभर चालतं. आबांकडं वर्ष नाही. दुसऱ्यांची घरं बांधण्यात जन्म गेला त्यांचा. मला त्यांना बुद्ध पौर्णिमेला स्वतःच्या घरात न्यायचंय."

मी म्हटलं, होईल. हिशोब बरोबर होता. होळी झाली की भिंती, एप्रिलात छत आणि आतलं काम, मेमध्ये पौर्णिमा. हातात दोन आठवडे शिल्लक राहत होते.

भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी आबा आले होते. फिटर लोकांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खिशातून ओळंबा काढला आणि एकेक पॅनेल तपासत गेले. दोऱ्याला टांगलेलं ते वजन भिंतीला कुठं टेकतंय, कुठं सुटतंय, बघत होते. कुठंच सुटलं नाही. मग बोटाच्या पेरानं बोर्ड वाजवला. "डब्यागत वाजतंय," म्हणाले. पण चेहऱ्यावर समाधान होतं. निघताना त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी हसून म्हटलं, "आबा, आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बघत बसायचं." म्हाताऱ्या माणसांशी आपण बोलतो ना, तसं.

फिटर पुण्याला परत गेले. छताची पॅनेलं, तो पाणी अडवणारा कागद आणि बाहेरची शीट दुसऱ्या ट्रकनं येणार होती. ट्रक लांबला. भिंती तशाच उघड्या राहिल्या. मी विचार केला, पावसाचा महिना नाही, काय होतंय? ताडपत्रीसुद्धा टाकली नाही. आणि बिद्रीच्या कामात अडकले. बारा दिवस मी साइटवर फिरकले नाही.

दुपारी तीनला पोचले. लांबूनच दिसलं. चारी भिंतींवर माथ्यापासून खालपर्यंत गोणपाटाची पोती लोंबत होती. पोत्यांतून पाणी ठिबकत होतं. शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडवरून एक हिरवा पाइप आला होता. जोत्याभोवती चिखल झाला होता. सावलीत खुर्ची टाकून आबा बसले होते. दम लागला होता, पण मला बघून उठले.

"बरं झालं आलासा," ते म्हणाले. "आज बारावा दिस. सकाळ-दुपार दोन टायम. एक दिस सुदीक खंड पडू दिला न्हाय बगा."

मी लोंबणाऱ्या पोत्यांकडं बोट दाखवलं.

"ऊन लई हाय, म्हून शेजारच्या पोराकडनं पोती घातली. वरनं भिजवायचं, म्हंजी पार खालपातूर जातंय पानी. नव्या भितीला तान लागती."

काँक्रीटच्या कॉलमला असंच पोतं गुंडाळून भिजवतात. त्यात त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. इतकं मनापासून केलेलं क्युअरिंग मी मोठमोठ्या कॉन्ट्रॅक्टरांच्या साइटवर बघितलेलं नाही. मी एक पोतं उचललं आणि बोर्डच्या खालच्या कडेला अंगठा दाबला. चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा अंगठा आत गेला.

आबा म्हणाले, पोती काढू नगासा, अजून दोन दिस ऱ्हाऊ देत. मी म्हटलं, मोजमाप घ्यायचंय. ओल मोजायचं मीटर लावत एकेक भिंत फिरले. बोर्डच्या दोन्ही कडांतून पाणी आत शिरलं होतं. थर्माकोल पाणी पीत नाही, पण सोडतही नाही. बोर्ड आणि थर्माकोल यांच्यामधे शिरलेलं पाणी बाहेर यायला वाटच नव्हती. आतून काळी बुरशी धरली होती. वीस पॅनेलांपैकी अकरा गेली होती.

संध्याकाळी सुजाताताई शाळेतून परस्पर साइटवर आल्या. परीक्षांचे दिवस होते, त्यामुळं त्याही मधल्या काळात आल्या नव्हत्या; आबा साइटवर बसून येतात, एवढंच त्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी, रविवारी, पाणी मारायच्या आधी पहिल्यांदा आल्या तेव्हा कोरडी पोती दिसली. ऊन लागू नये म्हणून मीच घालायला सांगितली असतील असं त्यांना वाटलं. मी त्यांना रस्त्यापलीकडं नेलं आणि सगळं सांगितलं. आबा पाइप गुंडाळत होते.

"वाळणार नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"वरून वाळतील. आतून नाही."

मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. नवीन अकरा पॅनेलं कधी मिळतील? तो म्हणाला, रांग आहे, सहा-सात आठवडे धरा. पौर्णिमेला पाच आठवडे होते. मग त्यानंच आवाज खाली आणून सुचवलं, "मॅडम, डाग घासून काढा. बुरशीचं औषध मारा. वरून शीट ठोका. कुणाला दिसणार नाही. दोन-तीन वर्षं तर आरामात जातात."

दोन-तीन वर्षं. आबांना दोन-तीन महिने हवे होते.

मी खोटं बोलणार नाही, विचार केला मी त्याचा. रात्रभर केला. झाकून टाकलं असतं तर पौर्णिमेला ते घरात गेले असते. पण मघाशी सांगितलेलं वाक्य आठवा. आत जे असेल ते आतच राहतं. बंद घरात भिंतीतली बुरशी श्वासात येणार, आणि ज्याच्यासाठी घाई करायची त्याचीच छाती आधी धरणार. दुसऱ्या दिवशी मी सुजाताताईंना दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हटलं, मी झाकणार नाही. हवं तर दुसरा इंजिनिअर बघा.

त्या म्हणाल्या, "विटेनं केलं तर?"

"पावसाआधी काम छतापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

"मग बदला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण आबांना सांगू नका. कंपनीचा माल खराब निघाला म्हणा."

मी तसंच सांगितलं. आबांनी कंपनीला चार शिव्या हासडल्या. म्हणाले, तरी म्या म्हणत हुतो, डब्यागत वाजतंय. मला वाटलं, निभावलं.

आठवड्यानं फिटर आले आणि खराब पॅनेलं कापून काढायला लागले. सुजाताताईंनी त्या दिवशी रजा घेतली होती. आबांना घरी बसवायचा त्यांनी प्रयत्न केला, ते बसले नाहीत. खुर्चीत बसून शांतपणे बघत होते. अर्ध्या तासानं उठले, थांबत थांबत ढिगापाशी आले आणि बोर्डचा एक तुकडा उचलला. दोन बोटांत चुरला. नाकाशी नेला. मग वरची कड बघितली, खालची कड बघितली. चाळीस वर्षं भिंतीत हात घातलेला माणूस तो. त्याला काय सांगायचं राहिलं होतं?

"ह्ये वरनं भिजलंय," आबा म्हणाले. "पाऊस तर न्हाय झाला."

सुजाताताई पुढं झाल्या. "आबा, कंपनीचा माल..."

"सुजा," आबा म्हणाले, "माल खराब हुता म्हून मी चाळीस वरसं लोकास्नी सांगत आलोय. मला नगं सांगूस."

त्यांनी तुकडा ढिगावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्या इचारलं हुतं की तुमाला, मॅडम. पानी कवापासनं चालू करायचं म्हून."

विचारलं होतं. भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी, निघताना. गवंड्यानं इंजिनिअरला विचारावा तसा नेमका प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं ते आजारी म्हाताऱ्याला. नुसतं बघत बसा म्हटलं. आपल्याकडं थोरल्या माणसाला बसा म्हणायची रीत आहे, आणि थोरल्या माणसानं न बसता काम करायची रीत आहे. त्यांनी ते शिष्टाचाराचं बोलणं धरलं आणि इंजिनिअर विसरली तरी भिंत तहानलेली राहू नये म्हणून पाइप उचलला. सुजाताताईंना मी तासभर बसवून सगळं समजावलं होतं, चित्रं काढून. फिटरना समजावलं होतं. सबंध साइटवर ज्याला भिंतीतलं सगळ्यात जास्त कळत होतं, त्या एका माणसाला मी काही सांगितलं नव्हतं. शिकल्या-सवरल्याचा माज म्हणतात तो हाच असावा. मला तो आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे, आबा."

त्यांनी ढिगाकडं बघत विचारलं, "आता ह्येचं काय करायचं? मातीत मिळतंय का?"

"नाही."

"जाळायचं?"

"नाही. धूर विषारी असतो."

"ईट फुटली तर भरावाला तरी जाती," ते म्हणाले आणि खुर्चीकडं गेले.

त्यानंतर ते साइटवर आले नाहीत. सुजाताताई सांगायच्या, बोलणं कमी झालंय, जेवण कमी झालंय. मी रोज कंपनीला फोन करत होते. विनंती केली, भांडले, एकदा तर रडकुंडीला आले. रांग हलली नाही.

बुद्ध पौर्णिमेला मी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. सुजाताताईंनी वंदना करून खीर केली होती. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. पंखा गरम हवा फिरवत होता. आबा उशीला टेकून बसले होते. मी खाली सतरंजीवर बसले. माफी मागायला गेले होते, पण त्यांनी मला ती मागू दिली नाही.

"आता सांगा," ते म्हणाले, "बिनपान्याची भित पक्की कशी हुती?"

मग मी सांगितलं. विटेच्या भिंतीत सिमेंट असतं, सिमेंटला पाणी मिळालं तरच ते दगड होतं. इथं सिमेंटच नाही. इथं ताकद डिंकाची. ती कारखान्यातच आलेली असते. लोखंडी गर्डर कसा वर-खाली रुंद आणि मधे बारीक असतो, तसं हे. दोन बाजूंचे बोर्ड भार घेतात, आणि मधला थर्माकोल त्यांना वाकू देत नाही. पाणी लागलं की बोर्ड फुगतो आणि डिंक सुटतो. सुटला की भिंत गेली.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दोन प्रश्न विचारले. दारावरचं लिंटल कुठं असतंय? आणि खालनं ओल चढू नये म्हणून काय केलंय? दोन्ही अगदी नेमके. मी उत्तरं दिली. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील.

"आसं हाय व्हय," आबा म्हणाले. "सोपं हाय की."

खीर खाऊन मी निघाले. आठव्या दिवशी सुजाताताईंचा फोन आला. पहाटे गेले. त्याच खोलीत.

पॅनेलं त्यानंतर पंधरा दिवसांनी आली. ट्रक वळताना बघून मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. पावसाच्या आधी घर पुरं झालं. सुजाताताई आता तिथं एकट्या राहतात. परवा मे महिन्यात दुपारी गेले होते. पंखा बंद होता आणि घर गार होतं. त्यांनी पाणी दिलं, आम्ही बसलो. एवढा गारवा त्या घरात कुणासाठी करायचा होता, ते दोघींनाही माहीत होतं.

ती अकरा पॅनेलं माझ्याकडं आहेत. भंगारवाल्यानं नेली नाहीत. बोर्ड थर्माकोलपासून पुरता सुटत नाही, सुटा झाला तरच त्याला भाव. कंपनीनं परत घेतली नाहीत. कचरा डेपोत टाकायला माझं मन झालं नाही. माझ्या ऑफिसच्या मागच्या शेडमधे रचून ठेवली आहेत. वारा सुटला की कापलेल्या कडेचे पांढरे मणी अंगणभर उडतात, आणि मी झाडूनं गोळा करते. पॅनेलचे फायदे-तोटे विचारायला कोणी आलं तर आधी त्यांना तिथं नेते. तोटे आता भरभर सांगत नाही.

पॅनेलची घरं मी अजूनही बांधते. माती वाचते, पाणी वाचतं, त्यात काही खोटं नाही. फक्त एक बदल केलाय. कामाच्या पहिल्या दिवशी, प्लॅन उलगडायच्या आधी, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठं बसलंय ते बघते. त्याच्यासमोर जाऊन बसते आणि या भिंतीला पाणी का मारायचं नाही ते सांगते. गर्डरपासून डिंकापर्यंत सगळं. ते ऐकून घेतात, एखादा प्रश्न विचारतात, आणि बहुतेक जण शेवटी तेच म्हणतात. सोपं हाय की.

सोपंच आहे.